कच्च्या वहीतले आकडे

“सुरू झालं,” शकुंतला म्हणाली. तांदूळ निवडायचे सूप तिने ओट्यावर ठेवले आणि उजवे मनगट माझ्यापुढे धरले. “मोजा.”

सकाळचे साडेदहा झाले होते. मी व्हरांड्यात नदीच्या पातळीचा आलेख काढत बसलो होतो. पेन्सिल कानावर खोचून मी तिचे मनगट हातात घेतले, घड्याळाच्या सेकंदकाट्यावर नजर ठेवली आणि मोजू लागलो. बोटांखाली नाडी लागत होती, पण तिला ठोका म्हणावे असे काही नव्हते. शिवणयंत्राची सुई चालावी तशी एकसारखी, बारीक, न थांबणारी थरथर होती ती. अर्ध्या मिनिटात अठ्ठ्याण्णव. मी पुन्हा मोजले. सत्त्याण्णव.

“किती?”

“थांब, मोजतोय.”

“मोजताना तुमचे ओठ हलतात,” ती म्हणाली. “अठ्ठ्याण्णवपर्यंत गेलात.”

अठ्ठ्याण्णवची दुप्पट एकशे शहाण्णव. मी तो आकडा तिच्या नाडीसाठी वेगळ्या ठेवलेल्या कच्च्या वहीत टिपला. ही गोष्ट सदतीस वर्षांपूर्वीची आहे. वैनगंगेच्या एका उपनदीवर पाटबंधारे खात्याचे जलमापन केंद्र होते आणि मी तिथला निरीक्षक होतो. केंद्र म्हणजे दोन खोल्यांचे घर, नदीत उतरणाऱ्या पायऱ्यांवर रोवलेल्या मोजपट्ट्या, पर्जन्यमापक आणि डोमाजी मेश्राम नावाचा साठीकडे झुकलेला चौकीदार. सर्वांत जवळचे गाव पाऊण तासाच्या वाटेवर होते. शकुंतला नागपूरची. लग्नापूर्वी ती एका बालवाडीत शिकवत असे आणि दिवसभर चाळीस मुलांच्या गलक्यात राहण्याची तिला सवय होती. इथे आल्यावर ती आठवडाभर दारातून रस्त्याकडे पाहत राहिली. त्यानंतर तिने रस्त्याकडे पाहणे सोडले.

त्या दिवशी ती पंचवीस मिनिटे भिंतीला टेकून बसून होती. दर पाच मिनिटांनी मी नाडी पाहत होतो आणि दर वेळी आकडा तोच येत होता, एखाददुसऱ्या ठोक्याचा काय तो फरक. मग एकाएकी ती म्हणाली, “गेलं.” मी मनगट धरले. अर्ध्या मिनिटाला एकोणचाळीस. मधल्या पाच मिनिटांत काय घडले, हे कळायला मार्ग नव्हता. तिने पदराने कपाळ पुसले आणि सूप पुन्हा मांडीवर घेतले.

नाडीच्या नोंदी ठेवायला तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितले होते. पहिल्यांदा आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा गावापर्यंत चालण्यात आणि पुढे एसटीच्या प्रवासात झटका केव्हाच ओसरला होता. त्यांनी छातीला नळी लावली, ईसीजी यंत्राची पट्टी काढली. सगळे ठीक होते. पुन्हा होईल तेव्हा वेळ आणि नाडी लिहून ठेवा, महिन्याने या, असे ते म्हणाले. मोजणे आणि लिहून ठेवणे हे माझे रोजचेच काम होते. त्या महिन्यात चार वेळा शकुंतलेने मनगट पुढे केले आणि चारही वेळा मी मोजले.

आमच्या खात्यात दोन वह्या असत. मोजपट्टीपाशी उभे राहून जे दिसेल ते कच्च्या वहीत लिहायचे. मग घरी येऊन ते तपासायचे, आलेखावर मांडायचे आणि पक्क्या वहीत उतरवायचे. हे काम मला देवगडे साहेबांनी शिकवले होते. नदी उडी मारत नाही, असे ते सांगत. पाणी चढते ते क्रमाने आणि उतरते तेही क्रमाने. एखादा बिंदू रेषेबाहेर पडला, तर नदी चुकलेली नसते, वाचणाऱ्याचा डोळा चुकलेला असतो. मग शेजारचे बिंदू पाहून हाताने वक्र सलग करायचा. माझे आलेख विभागात इतरांना नमुना म्हणून दाखवले जात. डोमाजीला मात्र त्यांचे कौतुक नव्हते. आलेखाच्या कागदाकडे पाहून तो एकदा म्हणाला होता, “साहेब, तुमची नदी कागदावर लय शहाणी वागते जी. इकडं काठावर तशी नाही वागत.”

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी कच्ची वही उघडून शकुंतलेच्या चार झटक्यांचे आकडे समोर घेतले. ठोक्यांचा आलेख काढून पाहिला. अठ्ठ्याहत्तरवरून रेषा उभीच्या उभी एकशे शहाण्णववर गेली, तिथे टेबलाच्या फळीसारखी सपाट चालली आणि पुन्हा उभीच खाली आली. असा आलेख मी आयुष्यात काढला नव्हता. बसल्या जागी, तांदूळ निवडणाऱ्या बाईची नाडी एकशे शहाण्णव कशी होईल? इतक्या वेगात आपण एका ठोक्याला दोनदा मोजत असणार, असे मला वाटले. घाईत ते होते. मी आलेखावरची रेषा खोडरबराने पुसली आणि जे इतक्या वर्षांत शिकलो होतो ते केले. चौऱ्याऐंशी, एकशे दोन, एकशे चोवीस, एकशे चाळीस, पुन्हा एकशे अठरा, ब्याण्णव. टेकडी चढून उतरावी तशी रेषा तयार झाली. पक्का कागद मी शाईने लिहिला आणि कच्ची वही फडताळात ठेवली.

शकुंतला स्वयंपाकघरात होती. तिला दाखवावे, असे मला सुचलेही नाही.

डॉक्टर वयाने माझ्याएवढेच होते आणि मनापासून ऐकणारे होते. त्यांच्याबद्दल माझी आजही तक्रार नाही. त्यांनी कागद उजेडात धरला आणि पाहून मान हलवली. म्हणाले, इतक्या पद्धतशीर नोंदी घेऊन आजवर कोणी आले नाही. मग त्यांनी समजावून सांगितले की नाडी हळूहळू चढते आहे, एकशे चाळीसवर जाते आहे आणि हळूहळू उतरते आहे. मनावर ताण असला, भीती वाटली की हे असेच होते. वहिनींना एकटेपणा फार आहे.

“हळूहळू नाही होत,” शकुंतला म्हणाली. “दिव्याचं बटण दाबल्यासारखं होतं. एका क्षणी नसतं, दुसऱ्या क्षणी असतं. जातानाही तसंच.”

डॉक्टरांनी कागद माझ्याकडे वळवला. “मोजलंय तुम्ही. तुम्ही काय म्हणता?”

शकुंतला माझ्याकडे पाहत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. ती फक्त वाट पाहत होती, मुलाला येत असलेले उत्तर त्याने द्यावे म्हणून बाईंनी थांबावे तशी.

“कागदावर आहे तसंच,” मी म्हणालो.

डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, वाचन आणि भजन यांत मन रमवायला सांगितले. परतीच्या एसटीत शकुंतला खिडकीपाशी बसली. बऱ्याच वेळाने तिने मला विचारले की अठ्ठ्याण्णवचे काय झाले. मी तिला समजावले, मोजण्यातली चूक कशी होते, एखादा आकडा मेळात बसत नसेल तर काय करायचे असते. तिने सगळे ऐकून घेतले. मग तिकिटाची घडी घालत राहिली. घडीवर घडी, नखाएवढी होईपर्यंत.

त्यानंतर चार महिने तिने मनगट पुढे केले नाही.

मला वाटले, गोळ्यांचा गुण आला. माझ्या आईला मी तसे पत्रही लिहिले. शकुंतला दुपारची झोपू लागली होती, बोलणे कमी झाले होते, पण घर व्यवस्थित चालले होते. मी विचारी, “काही त्रास?” ती म्हणे, “काही नाही.” उत्तर मेळात बसणारे होते. मी ते मान्य करत गेलो. डोमाजीशी मात्र ती अधूनमधून बोलताना दिसे. एकदा पायऱ्यांवरून परतताना मी पाहिले, ती डोमाजीची नाडी मोजत होती आणि तो तिला सांगत होता, “माझी काय पाहता बाई, उन्हाळ्यातल्या नदीवानी हाय. आहे का नाही, तेच समजत नाही.” ती हसली. त्या घरात तिचे हसू ऐकून किती दिवस झाले, याचा हिशेब मी मनात करून पाहिला आणि तो लागला नाही.

ऑगस्टच्या अखेरीस वरच्या धरणाचे दरवाजे उघडणार, अशी बिनतारी यंत्रावर सूचना आली. सकाळपासून मी दर तासाला पायऱ्यांवर होतो. खात्याची जीपही पुराच्या कामासाठी येऊन थांबली होती. अकराचे वाचन घेत असताना डोमाजी वरून धावत आला. त्या वयाच्या माणसाला मी धावताना प्रथमच पाहत होतो.

“बाई पडल्या जी. मोरीपाशी.”

शकुंतला मोरीच्या भिंतीला टेकून बसली होती. ओठ राखेसारखे झाले होते, पण ती शुद्धीवर होती. मी मनगट धरले. या वेळी नाडी मोजताही येईना. बोटांखालून नुसते काहीतरी सरकत होते.

“केव्हापासून?”

“सकाळच्या चहापासून.”

म्हणजे चार तास. त्या चार तासांत मी तीनदा घरात येऊन गेलो होतो. एकदा तिच्या हातून पाणी घेऊन प्यायलो होतो.

“सांगितलं का नाहीस?”

तिने डोळे मिटून घेतले. नदी डोमाजीवर सोपवून आम्ही जीपने निघालो. नागपूरपर्यंत तीन तास ती मागच्या सीटवर आडवी होती. एक कापडी पिशवी तिने छातीशी धरली होती. तीत लुगडे आणि टॉवेल असेल, असे मला वाटले.

नागपूरला थोरल्या दवाखान्यात झटका चालू असतानाच यंत्राची पट्टी निघाली. डॉ. मोहरील नावाच्या पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी पट्टी हातात धरली, शिरेत एक इंजेक्शन हळूहळू दिले आणि काही मिनिटांत शकुंतला तो शब्द म्हणाली, जो मी चार महिने ऐकला नव्हता. “गेलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. मोहरील यांनी मला खोलीत बोलावले. टेबलावर तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवलेला माझा पक्का कागद होता आणि त्याच्या शेजारी माझी कच्ची वही. दोन्ही शकुंतलेच्या त्या पिशवीतून आले होते. वही फडताळातून केव्हा गेली, हे मला माहीत नव्हते.

“हे अक्षर कोणाचं?”

“माझं.”

“आणि हे?”

“तेही माझंच.”

“यातलं खरं कुठलं?”

खोलीत पंखा फिरत होता आणि वहीचे पान उडून पुन्हा बसत होते. मी म्हणालो, “वहीतलं.”

मग मी त्यांना सगळे सांगितले: देवगडे साहेब, नदी, रेषेबाहेरचा बिंदू, खोडरबर. त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही. माझे बोलणे संपल्यावर त्यांनी कोऱ्या कागदावर हृदयाचे चित्र काढले. हृदयात विजेसारखा प्रवाह असतो, तो ठरलेल्या वाटेने जातो आणि एक ठोका पडतो. काही माणसांत जन्मापासून एक जास्तीची वाट असते. एरवी ती गप्प राहते. केव्हातरी प्रवाह त्या वाटेने मागे फिरतो आणि गोल गोल फिरत बसतो. मग नाडी एका क्षणात दोनशेच्या घरात जाते, तिथेच राहते आणि चक्र तुटले की एका क्षणात खाली येते.

“भीतीने नाडी वाढते ती जिना चढल्यासारखी,” त्या म्हणाल्या. “पायरी पायरीने. उतरतेही तशीच. तुमच्या पक्क्या कागदावर नेमकं तेच आहे. बोरकुटे, मला नदीतलं काही कळत नाही. पण हा कागद पाहून मीही त्याच गोळ्या दिल्या असत्या.” मग त्यांनी वही उचलून माझ्या हातात दिली. “निदान मी यावरून केलं नाही, ते पट्टीवर आलंच आहे. पण पुढची पानं वाचा. तुम्ही वाचलेली दिसत नाहीत.”

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. माझ्या चार नोंदींच्या पुढे शकुंतलेच्या अक्षरात अकरा नोंदी होत्या. बालवाडीच्या हजेरीपटावर लिहावे तसे गोल, स्वच्छ अक्षर. तारीख, सुरू झाल्याची वेळ, अर्ध्या मिनिटाचे ठोके, संपल्याची वेळ. आकडे शहाण्णव ते नव्व्याण्णव, त्यापलीकडे कुठेच फरक नाही. आम्ही पातळीच्या नोंदीपुढे शेऱ्याचा रकाना ठेवत असू, तसा तिनेही आखला होता. पहिला शेरा: ‘हे पायऱ्यांवर.’ दुसरा: ‘हे विभागात गेले.’ तिसऱ्यापासून पुढे: ‘हे व्हरांड्यात. हाक मारली नाही.’ ‘हे जेवत होते. वाढलं.’ ‘हे आलेख काढत होते.’ ‘हे घरात.’ ‘हे घरात.’

मी त्या तारखा आठवून पाहत होतो. जेवताना मी भाजीत मीठ कमी आहे म्हणालो होतो, तो बहुधा तोच दिवस असावा.

वॉर्डात शकुंतला उशीला टेकून बसली होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईशी तिची ओळख झालेली दिसत होती. मला पाहून ती बाई भिंतीकडे वळली.

“वही वाचलीत?”

“हो.” मी उभाच होतो. “मला हाक का नाही मारलीस?”

तिने चादरीची सुरकुती हाताने सारखी केली. “मारत होते ना आधी. तुम्ही मोजलेलं तुम्हालाच खरं वाटलं नाही. मग मी सांगितलेलं कसं वाटलं असतं?”

थोड्या वेळाने तिने सांगितले की दिवाळीपर्यंत ती भावाकडे राहील. डॉक्टरांनी पुन्हा बोलावले आहे. मी बरे म्हणालो.

केंद्रावर परतलो तेव्हा पूर ओसरत होता. डोमाजीने माझ्यामागे घेतलेली वाचने एका चिठ्ठीवर लिहून ठेवली होती. अकरा ते बारा या एका तासात पाणी पावणेदोन मीटर चढले होते. मी आलेखावर बिंदू मांडले. रेषा उभी राहिली. पेन्सिल ठेवून मी डोमाजीला विचारले, नीट पाहिले होते का.

“चिखलाची रेघ हाय पायरीवर,” तो म्हणाला. “पुसली नाही मी. जाऊन पाहा.”

मी गेलो. रेघ होती, त्याने सांगितलेल्या आकड्यावर होती. मी आकडे होते तसे पक्क्या वहीत उतरवले. पंधरा दिवसांनी विभागातून खुलासा मागणारे पत्र आले. वाचले तसे लिहिले आहे, एवढेच मी कळवले. ते अडीच महिने मी घरी आलो की पंप मारून पाणी भरे, भात लावी आणि भिंतीपाशी, जिथे ती टेकून बसत असे, तिथे न बसता दुसरीकडे बसे.

दिवाळीनंतर शकुंतला परतली. येताना तिने पेटीत बालवाडीची चित्रांची पुस्तके आणली होती आणि गावातल्या मुलांना रोज दोन तास शिकवायचे ठरवले होते. डॉ. मोहरील यांनी तिला झटका थांबवायची एक रीत शिकवली होती. श्वास आत घ्यायचा, तोंड-नाक मिटून पोटावर जोर द्यायचा, नाहीतर तोंडावर गार पाणी मारायचे. कधी थांबे, कधी गोळी घ्यावी लागे. जानेवारीत एका सकाळी मोरीतून पाण्याचा आवाज आला. मी घड्याळ घेऊन दारापाशी गेलो. ती ओल्या चेहऱ्याने उभी होती. डाव्या हाताची बोटे उजव्या मनगटावर होती आणि नजर स्वयंपाकघरातल्या घड्याळावर. मी हात पुढे केला. ती मोजत राहिली.

“सत्त्याण्णव,” ती म्हणाली.

“लिहू?”

तिने माझ्याकडे पाहिले. “लिहा.”

मी तिच्यासमोर लिहिले. तिने वाकून आकडा वाचला, मग तोंड पुसले. वही तिने आपल्या पेटीत ठेवली.

त्यानंतर कितीतरी वर्षे हे असेच चालले. बदल्या झाल्या, नद्या बदलल्या. पाण्याचा आवाज आला की मी दारापाशी जाई, ती आकडा सांगे, मी लिही. शेऱ्याचा रकाना दोघांनीही कोरा ठेवला. आम्ही भांडलो नाही. लोक आमच्या संसाराचे कौतुक करत. मनगट मात्र तिने माझ्यापुढे धरले नाही, आणि मागण्याचा हक्क मला आहे असे मला कधी वाटले नाही.

माझ्या निवृत्तीनंतर नागपुरात एक नवा उपाय आला. मांडीच्या शिरेतून तार हृदयापर्यंत नेतात आणि ती जास्तीची वाट जाळून टाकतात. शकुंतलेने स्वतःच चौकशी केली, स्वतःच तारीख ठरवली. तीन दिवसांनी आम्ही घरी आलो. डॉक्टर म्हणाले होते, आता ते पुन्हा होणार नाही.

त्या दुपारी ती खाटेवर पडली होती. उजवा हात चादरीवर उताणा होता. मी शेजारी खुर्चीत बसलो होतो. बाहेर कोणीतरी भाजी विकत होते. बराच वेळ मी त्या हाताकडे पाहिले आणि मग दोन बोटे तिच्या मनगटावर ठेवली.

“आता काय मोजता?” डोळे न उघडता ती म्हणाली.

तिने हात काढून घेतला नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि मोजू लागलो. ठोके दूरदूर पडत होते, प्रत्येकाला स्वतःची जागा होती. अर्ध्या मिनिटात छत्तीस.

मी पुन्हा मोजले नाही.